पट्टीने मोजलेली खाडी

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये काका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलंच नाही. "जिल्हा कुठला?" म्हणाले. मी म्हटलं, पुणे. "तालुका?" मी म्हटलं, काका, मी कोथरूडची, तालुकाबिलुका मला नाही माहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी जणू स्वतःचं आडनाव विसरले होते. "शोधून ठेवा, उद्या विचारतो," म्हणाले आणि सातव्या मजल्यावर उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. मी रात्री गुगल करून ठेवलं होतं हे कबूल करायला मला आजही लाज वाटते.

हे दुबई सिलिकॉन ओएसिसमधलं. तिथे आमचा टॉवर, समोर ऑफिस, मध्ये चार खजुराची झाडं. मी एका कंपनीत गव्हर्नमेंट अफेअर्सला आहे, म्हणजे सरकारी धोरणं बदलणार असली की आमच्या बाजूने बोलायचं, पॉलिसी पेपर लिहायचे, मीटिंगा लावायच्या. पंधरा वर्षं करतेय, आणि त्यातलं मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत त्या माणसाने एका वर्षात मोडीत काढली.

काका मुलाकडे आले होते. बायको गेल्यावर मुलाने आग्रह करून आणलं. त्याआधी तीसेक वर्षं ते राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या एका संघटनेचे चिटणीस होते. काम काय, तर जिल्ह्यांना जे हवंय ते मुंबईत राज्याच्या गळी उतरवायचं. मी एकदा म्हटलं, "म्हणजे तुम्ही अ‍ॅडव्होकसी करायचात, काका. माझंच काम." ते म्हणाले, "मी निवेदनं द्यायचो." मी म्हटलं, तेच ते. "तेच ते नाही. तू मालकासाठी बोलतेस. माझा मालक म्हणजे अख्खे जिल्हे, आणि त्यांचं आपसात कधी पटलं नाही."

पंचेचाळीस डिग्रीत हा माणूस पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून फिरायचा आणि मॉलमध्ये शिरताना पिशवीतून स्वेटर काढायचा. पिशवी रेक्झिनची. तिच्यात फुलस्केप कागद, पंच, शाईचं पॅड आणि ट्रेझरी टॅग, ते दोन्ही टोकांना धातूच्या काड्या असलेले हिरवे दोरे. टॅग संपत आले तेव्हा त्यांनी मला तीन शनिवार दुबईभर स्टेशनरीच्या दुकानांतून फिरवलं. दुकानदार फोल्डर दाखवायचे, स्टेपलर दाखवायचे, एकाने तर बुटाच्या लेस दाखवल्या. शेवटी शारजात एका जुन्या दुकानात सापडले. काकांनी सगळा गठ्ठा घेतला आणि लगेच तिथे फुटपाथवर इथला करक, म्हणजे कडक दुधाचा चहा पाजला. दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, असा हिशेब करून त्यांनी तो फार हळूहळू प्यायला.

इथली सात अमिराती हे त्यांच्या लेखी सात जिल्हे. गाडी शारजाच्या हद्दीत शिरली की विचारणार, "इथला रस्ता जिल्ह्याचा की राज्याचा?" मला माहीत नसायचं. टॅक्सीवाल्याला हिंदीत विचारायचे. पाकिस्तानी टॅक्सीवाला म्हणायचा, "चाचा, रोड तो रोड है." काका वहीत लिहायचे: माहिती मिळाली नाही.

त्यांची पद्धत मला पहिल्यांदा कळली ती बाकड्यामुळे. आमच्या मागच्या गेटला डिलिव्हरीची पोरं बाइक लावून उन्हात उभी असत, बसायला काही नाही. काका अस्वस्थ. एक पानी अर्ज लिहिला, सावलीत एक बाकडं द्यावं. मी वाचला आणि म्हटलं, काका, मागतोय तर वॉटर कूलर मागू, शेड मागू, मोबाइल चार्जिंग मागू. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "मागणी एक, कागद एक. दोन मागितल्या की ते सोपी देतात आणि अवघड विसरतात."

मी म्हटलं, बरं, मॅनेजमेंट कंपनीच्या एमडीला मेल करते, मी ओळखते त्यांना. ते म्हणाले, "एमडी सही करतो. टिपणी कोण लिहितो ते शोध." टिपणी लिहिणारा निघाला आमचाच बिल्डिंग सुपरवायझर, केरळचा माणूस. काका तीन आठवडे रोज त्याच्याकडे जाऊन बसले, आणि बाकड्याबद्दल एक अक्षर न काढता त्याच्या पालघाट जिल्ह्याची माहिती विचारत राहिले. मग एक दिवस अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. तो म्हणाला, "अंकल, व्हॉट्सअ‍ॅप कर दो ना." काका म्हणाले, "सही चाहिए, तारीख के साथ." महिन्याच्या आत बाकडं आलं. माझ्या ऑफिसात त्या वेळी एका साध्या परवानगीसाठी आमचं अठरा स्लाइडचं प्रेझेंटेशन चौथ्यांदा परत आलं होतं, त्यामुळे मला आनंद झाला आणि जळजळही झाली.

तर हे असे काका. आता खरी गोष्ट सांगते, जी सांगताना मी आजही जागेवर बसू शकत नाही.

फेब्रुवारीत आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला गेलो. मी, नवरा, माझी नऊ वर्षांची इरा आणि काका. डोंगरातल्या बोगद्यांतून रस्ता बाहेर पडतो आणि एकदम समोर समुद्र, डावीकडे बंदराच्या क्रेन. काका किनाऱ्यावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "हे अगदी आपल्या कोकणासारखं आहे, फक्त नारळ काढून घेतलेत." बाजूने एक माणूस चालला होता, चाळिशीचा, रापलेला, बंदराचा ओव्हरऑल घातलेला. तो थबकला. "मराठी काय?" म्हणाला. काकांनी लगेच, "जिल्हा? तालुका?" त्याने दोन्ही सांगितले. "जिल्हा परिषदेचा गट कुठला?" त्याने तोही सांगितला. काकांचा चेहरा असा फुलला की मी चाटच पडले. मला वर्षभरात तेवढे मार्क मिळाले नव्हते.

त्याचं नाव प्रकाश. जहाजावर कंटेनर बांधायचं काम. त्याच्या गावचे आणि आसपासच्या वाड्यांचे बरेच जण त्याच बंदरात. आम्ही चहाला बसलो, काकांनी विचारलं, गावाकडे काय चाललंय, आणि प्रकाशने एकदम मोबाइल काढला.

त्याच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा येत्या जूनपासून बंद होणार होती. पट नऊ. नियम असा, की पट कमी असेल आणि ठराविक अंतरात दुसरी शाळा असेल, तर पहिली बंद करून मुलं दुसरीत घालायची. दुसरी शाळा खाडीच्या पलीकडे, समोर दिसते. "दिसते हो काका," प्रकाश म्हणाला, "आमच्या अंगणातून त्यांचा झेंडा दिसतो. पण जायचं कसं? तरवाला म्हातारा वारला, होडी बंद झाली. पूल वर, लांब. खाडीला वळसा घालून जायचं, भरती असली तर खालची वाट पाण्यात. माझी आर्या तिसरीत आहे. बायको म्हणते, एवढं चालवणार नाही मी पोरीला, घरी बसवीन. वर्षभर घरी बसली की मग परत कोण पाठवतंय." हे शेवटचं वाक्य तो अगदी साधेपणाने बोलला. इरा समोर वाळूत खेळत होती, तिचंही तिसरीचंच वर्ष.

या लोकांनी गप्प बसून काढले नव्हते दिवस. बंदरातल्या चाळीसपन्नास जणांनी सह्या करून अर्ज मुंबईला पाठवला होता. नावासमोर प्रत्येकाने पत्ता घातला होता, खोर फक्कान, यूएई. उत्तर आलं होतं. प्रकाशने ते दाखवलं. परदेशस्थ बांधवांनी मातृभूमीच्या विकासात दाखवलेल्या रसाबद्दल आभार, आणि गुंतवणुकीच्या संधींचं माहितीपत्रक सोबत जोडलं आहे.

काका हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी. "प्रकाशराव, तुम्हाला उद्योगपती समजले हो. परदेशातून कागद गेला, कुठल्या टेबलाने उघडला असेल ते मी इथून सांगतो." प्रकाशही हसायला लागला, कपाळाला हात लावून. "आता सांगा," काका म्हणाले, "शाळा बंद करायचं मूळ पत्र दाखवा." प्रकाशने तो फोटो मोठा केला. काका वाचत गेले आणि एका ओळीशी थांबले. परत वाचली. फोन परत दिला. चहा तसाच राहिला.

परतीच्या रस्त्यात हद्द ओलांडली तरी काकांनी रस्ता कुणाचा ते विचारलं नाही. मला वाटलं, दमले.

आता माझी करामत ऐका. मी घरी आल्या आल्या मुंबईत फोन लावला. माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा एका मोठ्या माणसाच्या कार्यालयात. दोन दिवसांत निरोप: एवढ्या एका शाळेला सूट देता येईल, विशेष बाब म्हणून, नाव आणि तालुका पाठव. मी अक्षरशः उडी मारली. हे माझं काम, पंधरा वर्षांचं. जिना चढून सातव्या मजल्यावर गेले, लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. काकांच्या सुनेने दार उघडलं, मी सरळ आत जाऊन प्रकाशला स्पीकरवर घेतलं आणि बातमी सांगितली. तिकडून प्रकाश नुसता "ताई, ताई" म्हणत होता.

काका म्हणाले, "नको."

मी म्हटलं, काय नको?

"विशेष बाब नको. नियम बदलायचा."

माझा पारा चढला. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पण "तुमच्या तत्त्वासाठी एका पोरीची शाळा घालवणार का तुम्ही" हे नक्की बोलले, आणि चांगलं मोठ्याने. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. काका खुर्चीत बसून होते. त्यांनी फोन स्वतःजवळ ओढला आणि मला नाही, प्रकाशला सांगायला लागले.

"प्रकाशराव, त्या पत्रात एक ओळ आहे. अंतर नकाशावर मोजावे. ती ओळ माझी आहे."

अकरा वर्षांपूर्वीची बैठक. प्रत्येक जिल्हा अंतर आपापल्या पद्धतीने मोजत होता. कुणी सरपंचाला विचारून, कुणी टेम्पोच्या मीटरवर, कुणी शिक्षकाच्या बदलीला सोयीचं पडेल तसं. भांडणं, कोर्ट, तक्रारी. तेव्हा जिल्ह्यांच्या वतीने काकांनी सुचवलं, सगळ्यांनी नकाशावर पट्टी ठेवायची, वाद खलास. मुंबईतल्या साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. जिल्ह्यांची सूचना राज्याने जशीच्या तशी घेतली असं क्वचित व्हायचं. "त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड नेलं," काका म्हणाले. "मी घाटावरचा माणूस. खाडी मी बोटीत बसून बघितलेली. पायी कधी ओलांडायला लागली नाही, मग डोक्यात आलीच नाही. तुमच्या वाडीला सूट मिळेल, पुढच्या वर्षी अधिकारी बदलेल, सूट जाईल. आणि बाकीच्या खाड्यांवरच्या पोरांनी माझी पट्टी धरून चालायचं. पण पोर तुमची आहे. तुम्ही सूट घ्या म्हणालात तर मी आत्ता हिला नाव लिहून देतो."

प्रकाश म्हणाला, "बायकोला विचारतो," आणि त्याने तिला त्याच कॉलवर घेतलं. सुगंधा तिचं नाव, ग्रामपंचायतीची सदस्य. तिला सगळं परत सांगितलं. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला. मग विचारलं, "नियम नाही बदलला तर?"

"तर जूनमध्ये शाळा बंद," काका म्हणाले. "आर्याचीही. मी खोटं सांगणार नाही."

ती म्हणाली, "वरच्या खाडीच्या वाडीतपण शाळा बंदच्या यादीत आहे. त्यांच्या बाया मला रोज विहिरीवर भेटतात. माझ्या एकटीची राहिली तर मी उद्या तिथं कुठल्या तोंडाने जाऊ? नियमच बदला. पण जून सोडू नका काका."

मी फोन बंद केला आणि काकांच्या शेजारी बसले. रागावलेलीच होते, पण काय करायचं ते सांगा, असं म्हणाले.

यल्ला, चला, मग सुरू झालं. मी आयुष्यात इतकी धावपळ केली नव्हती आणि इतकी मजाही नव्हती केली. सातव्या मजल्यावरचा हॉल म्हणजे कचेरी झाली. डायनिंग टेबलावर हिरवे टॅग, पंच, प्रती. काका म्हणाले, कागद परदेशातून जाणार नाही, गावातून चढेल. आधी ग्रामसभेचा ठराव, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, तिथून राज्य. इथे बंदरात सह्या करणाऱ्या प्रत्येकाने फक्त एक काम करायचं, घरी फोन करून बायकोला, आईला ग्रामसभेत बसवायचं. नेहमी ग्रामसभेला माणसं जमवताना सरपंचाच्या नाकी नऊ येतात. त्या दिवशी बसायला चटया कमी पडल्या.

मसुदा मी लिहिला. फार चांगला लिहिला होता, चौदा पानं, त्यात बालहक्क, शाश्वत विकास, सगळं. काकांनी वाचून एक पान ठेवलं, त्यातली अर्धी ओळ खोडली आणि म्हणाले, "छान लिहितेस. वाईट वाटून घेऊ नकोस." मागणी एक: अंतर मुलांच्या पायवाटेने मोजावे.

मग त्यांनी बाकीच्या किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतल्या आपल्या जुन्या लोकांना फोन लावले. सगळे रिटायर. प्रत्येक फोनची सुरुवात सारखी, "अहो, तुम्ही आहात अजून?" आणि पाच मिनिटांत त्या म्हाताऱ्यांचा आवाज तरुण व्हायचा. कुणाचा भाचा सभापती, कुणाची विद्यार्थिनी जिल्हा परिषदेत. एप्रिल उजाडेपर्यंत तेच एक पान, तीच एक मागणी, दुसऱ्या जिल्ह्यांतूनही ठराव होऊन मुंबईला निघाली. प्रत्येक पोचेचा फोटो यायचा आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली तो बघून मुठी आवळायचे. बॉसने विचारलं, एनी गुड न्यूज? मी म्हटलं, हबीबी, पंचायत समितीत मंजूर झालं. त्याला काही कळलं नाही.

सुनावणी लागली. राज्याच्या अधिकाऱ्यांची समिती, जिल्ह्यांचे प्रतिनिधी, आणि जुना जाणकार म्हणून काकांना इथून ऑनलाइन तीन मिनिटं. काकांनी सुगंधाला एक काम सांगितलं. "आर्याला घेऊन घरापासून नव्या शाळेपर्यंत चाला. मोबाइल चालू ठेवा. कुठेही बंद करायचा नाही, काही बोलायचं नाही, कापायचं नाही." तो व्हिडिओ आला, तास आणि वर काही मिनिटांचा. मी म्हटलं, काका, दोन मिनिटांचा एडिट करू, संगीत घालू. त्यांनी मला इतक्या शांतपणे "नको" म्हटलं की मी परत विषय काढला नाही.

सुनावणीचा दिवस. इथले सकाळचे साडेनऊ. काकांनी कोट घातला होता. मुलाने लॅपटॉप जोडून दिला, मी बाजूला, इरा शाळेला सुट्टी म्हणून सोफ्यावर. स्क्रीनवर अध्यक्ष बाई, कडक, समोर फायलींचा ढीग. दोन जिल्हे बोलले. मग काकांचं नाव घेतलं.

त्यांच्या हातात मी टाइप केलेला कागद होता. तो त्यांनी उलटा ठेवला.

"मॅडम, नकाशावर मोजायची सूचना मी दिली होती. अकरा वर्षांपूर्वी, याच समितीपुढे. टेबलावर बसून दिली. चूक होती. माझी उरलेली मिनिटं मी तिसरीतल्या एका मुलीला देतो. ती नव्या शाळेत निघाली आहे."

आणि व्हिडिओ लावला. दप्तर घेतलेली पाठ, दोन वेण्या, लाल रिबिनी. पाय. कातळ, चिखल, बांध. आवाज फक्त पावलांचा आणि सुगंधाच्या श्वासाचा. एक मिनिट गेलं, तीन गेली. कुणीतरी म्हणालं, वेळ संपली. अध्यक्ष बाईंनी हात वर केला, चालू राहू दे. समोरच्या तीरावर झेंडा दिसत होता, अगदी जवळ, आणि पोरगी त्याच्याकडे पाठ करून उलट्या दिशेला चालत होती, कारण पूल तिकडे. पाच मिनिटं. सात. एका अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. चिखलात तिची चप्पल रुतली, तिने वाकून काढली, हातात घेतली, पुढे चालली. सोफ्यावरून इरा म्हणाली, "इज शी स्टिल वॉकिंग?" आमचा माइक चालू होता. मी जीभ चावली. मुंबईत सगळ्यांनी ऐकलं.

अकराव्या मिनिटाला अध्यक्ष बाई म्हणाल्या, "थांबवा." मग विचारलं, "अजून किती आहे?"

काका म्हणाले, "मॅडम, अजून पूल दिसलेला नाही."

मी माझ्या कामात पुष्कळ मीटिंगा जिंकल्या आहेत. टाळ्या, हस्तांदोलनं, केक. पण त्यातली एकही अशी नव्हती. बाईंनी फाइल बंद केली नाही, उघडी ठेवून त्यात स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं. काका माझ्या कानात पुटपुटले, "टिपणी लिहितायत." मी त्यांचा हात धरला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शासन निर्णय आला. अंतर मुलांच्या नेहमीच्या पायवाटेने मोजावे. मी ऑफिसातून पळत आले. काकांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. स्पीकरवर खोर फक्कानच्या खोल्यांमधला नुसता गलका होता, तिथे शिरा चालला होता, प्रकाश रडत होता आणि त्याचे मित्र त्याला चिडवत होते. सुगंधाचा फोन आला. आर्या म्हणाली, "काका, आमची शाळा राहिली." काका म्हणाले, "हो बाळ. अभ्यास कर." सूनबाईने श्रीखंडाची वाटी पुढे केली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"अकरा वर्षांत ह्या ओळीने किती बंद झाल्या असतील?" ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, आज नको. आज तरी गोड खा.

"बंद व्हायच्या होत्या त्या वाचल्या. झाल्या त्यांचं काय?" आणि त्यांनी कोरा फुलस्केप ओढला.

जूनमध्ये ते भारतात परत गेले. मुलाने समजावलं, सहा महिन्यांच्या आत या बाबा, नाहीतर व्हिसा जाईल. इन्शाल्ला, म्हणाले. व्हिसा गेला. मुलगा चिडला, मीही फोनवर भांडले, अहो वय काय, गुडघे काय. ते म्हणाले, बंद झालेल्या शाळांची यादी मिळाली आहे, एकेका वाडीत जाऊन बघतोय. पहिली तीन गावं निष्फळ गेली. शाळा उघडायची परवानगी मिळत होती, पण पोरं कुठे होती? कुणी मामाकडे, कुणी आश्रमशाळेत, मुली घरी बसून धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा म्हातारा ऐकू आला. "उघडायची आणि कुणीच यायचं नाही, असंही होईल," म्हणाले. मी हवापाण्याचं विचारलं.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसात होते, सकाळी त्यांचा फोन. मागे कसलातरी गोंगाट. चौथ्या वाडीत होते. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे कुणालाच आठवेना, शेवटी शिक्षणाधिकाऱ्यांना विचारून कोयंडाच काढला. आत चिमण्यांची घरटी, ती तशीच ठेवून बायांनी वर्ग झाडला. मी विचारलं, "पोरं?"

"चार आलीत. बसलीयत. पाचवी येणार आहे, दोन वर्षं घरी होती. तिची आई म्हणतेय, केस विंचरून आणते." मग ते घाईने म्हणाले, "फोन ठेवू नकोस."

मीटिंगला बोलवायला दोघं दारात येऊन गेले, मी त्यांना हातानेच नाही म्हटलं. पलीकडे काका दारात उभे असावेत, वाऱ्याचा आवाज येत होता. आम्ही दोघंही तिची वाट बघत थांबलो.